पट्टी सुटेपर्यंत

गेल्या महिन्यात अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडे एक शिक्षिका दाखल झाल्या होत्या. आजार माझाच. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. "तुम्ही यातून गेलात, त्यांच्याशी जरा बोला," डॉक्टर म्हणाले. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो.

बाईंनीच विचारलं, "तुम्हाला दिसायला लागलं का हो?"

"एका डोळ्यानं. चांगलं दिसतं."

"मग सांगा ना, कसे काढलेत हे दिवस?"

मी कशीबशी चार वाक्यं बोललो आणि उठलो. परतीच्या गाडीत मात्र सगळं आठवत गेलं. ते बाईंना सांगायला हवं होतं, म्हणून लिहितो आहे. कुणीतरी त्यांना वाचून दाखवील.

त्याआधी

आमचं घर मोर्शीजवळच्या एका खेड्यात, संत्र्याच्या बागेचं. मी शिकायला अमरावतीत आलो तेव्हा बाबा बागेतच राहिले आणि माय माझ्यासोबत राजापेठेतल्या दोन खोल्यांत आली. तिला वाटायचं, पोरगा वकील होईल. पोरगा पहिल्याच वर्षी कॉलेजच्या मैदानावर गेला आणि तिथलाच झाला.

काथ्याच्या मॅटवर आम्ही क्रिकेट खेळायचो. चेंडू कधी कानाशी, कधी घोट्याशी. मी सलामीला जायचो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा आमचे खेळशिक्षक म्हणाले होते, "वसंता, तुझे हात बेताचे आणि पाय जड. तू खेळतोस ते डोळ्यांवर." खरं होतं ते. चेंडू बोलरच्या बोटांतून सुटतानाच मला त्याची शिवण दिसायची. बाकीचे खेळून मोकळे व्हायचे तेव्हा मी अजून पाहतच असायचो. त्या पाहण्यातच मला सुख होतं. धावा होत होत्या, पण धावांसाठी मी तिथे उभा नव्हतो.

बासष्टला चीनची लढाई झाली आणि कॉलेजांतून अधिकारी भरती करायला फौजेनं सुरुवात केली. आमच्या संघातले आम्ही काही जण उठून गेलो. माय तेव्हा जेवली नाही.

पासष्टच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आलो आणि माझं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, इंदू. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. बघायला गेलो तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. लग्नात चेहऱ्यावर मुंडावळ्या. मग पाहुण्यांनी भरलेलं घर. आमची नीट ओळख व्हायच्या आत तार आली आणि मी पलटणीत परतलो. पावसाळा संपता संपता लढाई लागली.

लढाईबद्दल फार लिहीत नाही. पंजाबात उसाच्या शेतांत आम्ही होतो. एका सकाळी तोफेचा गोळा जवळ पडला आणि मी उचलून फेकला गेलो. अंगावर खरचटल्यापलीकडे काही नव्हतं. कान दोन दिवस वाजत राहिले. माझ्याशेजारी उभा असलेला लान्स नाईक मात्र उठला नाही. पुढे कित्येक दिवस उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला ठिणग्या दिसायच्या, मधूनच काळ्या माश्या उडायच्या. थकव्यानं होत असेल असं मलाही वाटलं, इतरांनाही. बाई, असं कुणाला होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे पाठवा. वैद्यकीतलं मला कळतं ते एवढंच.

काळा पडदा

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास मला लांब सुट्टी मिळाली. अमरावतीला पोचलो तर इंदू माहेरी होती. "परवा तुये बाबा घेऊन येतीन तिले," माय म्हणाली. "तू आराम कर."

आराम कसला करतो? दुपारीच मैदानावर गेलो. जुने दोस्त होते, मॅट टाकलेली होती. कुणीतरी पॅड बांधायला लावले. पहिले दोन चेंडू मी बरे खेळलो. तिसरा चेंडू बोलरच्या हातातून सुटला आणि निम्म्या वाटेवर नाहीसा झाला. मागे दांडी उडाल्याचा आवाज आला.

"फौजेत बॅट विसरून आला काय बे?" यष्टिरक्षक ओरडला. सगळे हसले, मीही हसलो. डोळ्यात माती गेली असेल म्हणून पाण्यानं धुतला. पण उजव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर येत होतं. पाणी चढावं तसं, सावकाश. मी मैदानाच्या कडेला बसून एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. पलीकडच्या लिंबाच्या झाडाचा बुंधा गेला होता, शेंडा तेवढा उरला होता.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. उजवा झाला, मग डावा. डाव्याला जास्त वेळ लागला. त्यांनी दिवा लावला आणि पहिलं वाक्य बोलले, "आता मान हलवू नका."

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. उजव्याचा जवळजवळ पुरता. डाव्याला छिद्र पडलं होतं, तोही केव्हाही सुटला असता. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जायचं तर आगगाडीचे धक्के. अकोल्याला एक सर्जन हे ऑपरेशन करतात, तिथे आजच्या आज न्या, ते म्हणाले. आणि त्यांनी माझे दोन्ही डोळे बांधले.

मी विचारलं, "दिसेल ना?"

"एक तरी वाचवू," ते म्हणाले.

बाबांच्या ओळखीच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं मोटार दिली. मागच्या सीटवर मी आडवा, डोकं मायच्या मांडीवर.  ती दोन्ही हातांनी माझं डोकं धरून होती. खड्डा आला की तिचे हात घट्ट व्हायचे.

अकोला

दवाखान्यात मला खाटेवर ठेवलं तेव्हा बांगड्यांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

"आले का?" इतकंच इंदू म्हणाली.

मी "हो" म्हणालो. आणि पट्टीखाली मी तिचा चेहरा आठवायला गेलो, तर तो येईना. कपाळ आठवलं, हळदीनं पिवळे झालेले हात आठवले, हिरवा चुडा आठवला. चेहरा नाही. लग्नाच्या फोटोतही तिनं मान खाली घातली होती, त्यामुळे तो आठवूनही उपयोग नव्हता. मला रडायला आलं, आणि रडायची तर डॉक्टरांनी मनाई केलेली.

मनाई सगळ्याचीच होती. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. डोक्याला वाळूच्या पिशव्यांचा आधार. घास दुसऱ्यानं भरवायचा. शौचाला भांडं. फौजेतला अधिकारी मी, आणि वॉर्डबॉय येऊन माझं धोतर सोडायचा. पहिल्या दिवशी मी शरमेनं जेवायचं नाकारलं, म्हणजे पुढचं टळेल. तो म्हणाला, "सायेब, मले रोजचंच हाये हे. तुमी खा." त्यानंतर मी खाल्लं.

ऑपरेशन दोनदा झालं, आधी उजव्याचं, मग डाव्याचं. भूल डोळ्यापुरतीच होती. डॉक्टर काय मागतात, नर्स काय देते, सगळं ऐकू यायचं. उजव्याच्या वेळी ते शेवटी गप्प झाले. डाव्याच्या वेळी हळू आवाजात गुणगुणत होते. मी त्या गुणगुणण्यावर पुढचे कित्येक दिवस जगलो.

सकाळी जिनिंगचा भोंगा वाजायचा, त्यावरून दिवस उगवला कळायचं. ऊन चढलं की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, तो वास आला की दुपार. अकोल्याचा उन्हाळा उताण्यानं काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. पाठीला घामोळं आलं तरी खाजवायला हात न्यायचा नाही.

भीती मात्र वेळ पाहून येत नसे. ती आली की मी मनातल्या मनात खेळायला उतरायचो. गार्ड घ्यायचा, समोर पाहायचं. बोलर धावत यायचा, चेंडू सुटायचा, त्याची शिवण फिरताना दिसायची. विद्यापीठासाठी खेळलेला एक डाव मी पहिल्या चेंडूपासून पुनःपुन्हा खेळलो. बाद व्हायची वेळ आली की थांबायचो आणि परत सुरुवात करायचो.

पायगुण

माय माझ्या सासरच्या घरी उतरली होती. व्याह्यांच्या घरी राहायचं, त्यांचं खायचं, हे तिला जड जात होतं. त्या घरात कुणी तिला काही म्हणालं नसेल, पण ती आतून पेटत होती. एका सकाळी ती माझ्या पायथ्याशी बसली होती आणि इंदू पेज घेऊन आली.

"ठेव तठी," माय म्हणाली. मग मला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच बोलल्यासारखी, "लगन झालं अन् लढाई लागली. लढाईतून वाचला तं डोये गेले. पायगुनच म्हना."

खोलीत आवाज नव्हता. मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. इंदू रडत होती की रागावली होती, उभी होती की निघून गेली होती, मला काही कळेना. तो क्षण मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेला.

"माय," मी म्हणालो, "तोफेचा गोळा पाकिस्तानातून आला. अकोल्यातून नाई आला."

 मग उशाशी भांड्याचा आवाज झाला. चमचा ओठांना लागला. भरवणारा हात थांबला नाही. शेवटचा घास झाल्यावर इंदू म्हणाली, "माय, तुमी घरी जाऊन आंग टाका थोडं. तुमचे पाय सुजून राहिले. मी बसतो इथं."

तिच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. माय उठली. दाराशी थांबली असावी, कारण पावलं वाजायला वेळ लागला. त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा पहिली गोष्ट तिनं विचारली ती ही, "पोरी, तू जेवली का?"

दुपारचा आवाज

तेव्हापासून दुपारी माय घरी जायची आणि इंदू बसायची. पहिले काही दिवस ती नुसती वारा घालायची. मग एकदा म्हणाली, "कंटाळा येत असंन ना तुमाले?"

"येतो. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. बाहेर काय दिसतं ते सांग."

तिनं खिडकीतून पाहून सांगायला सुरुवात केली. टांगेवाला घोड्याला पाणी पाजतोय. एक बाई पोराला बदडतेय, आता तीच त्याला बर्फाचा गोळा घेऊन देतेय. हळूहळू खिडकी मागे राहिली आणि ती स्वतःचं बोलू लागली. लहानपणी जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर त्या पोट्ट्या कशा घसरायच्या, अंगाला कापूस चिकटला की आई कशी झाडायची. मॅट्रिकच्या परीक्षेला बसायचं होतं आणि बसू दिलं नाही. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिनं माझे बूट तेवढे पाहिले होते. "लय मळके होते," ती म्हणाली. मला हसू आलं आणि तिनं घाबरून माझ्या कपाळावर हात ठेवला, "हसू नका, हसू नका ना!"

तो तिचा पहिला स्पर्श, जो कुणी करायला सांगितला नव्हता.

तिनं मला क्रिकेट विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे येक मानूस फेकते अन् येक मानूस पाह्यते. बाकीचे कायले उन्हात उभे राह्यतात?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

मग तिनं लढाई विचारली. मी कुणालाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. तो लान्स नाईक, त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं, मी शुद्धीवर आलो तेव्हा त्याचा उघडा डोळा माझ्याकडे होता ते. पंखा हलायचा थांबला. मग ती म्हणाली, "त्याच्या घरी कोन कोन हाये?" दुसरं काही नाही. मला तेच विचारलेलं हवं होतं, हे तिनं विचारल्यावर मला समजलं.

शेजारच्या खाटेवर बाळापूरचे एक म्हातारे काका मोतीबिंदूसाठी होते. त्यांची पट्टी आधी सुटली. इंदू पाणी आणायला गेल्यावर मी हळूच विचारलं, "काका, माझी बायको कशी दिसते हो?"

काका विचारात पडले. "आता कसं सांगू बाप्पा? चश्मा दीड महिन्यानं भेटनार हाये. सध्या मले ती हिरवी दिसते."

"हिरवी?"

"लुगडं असंन."

त्या रात्रीच्या स्वप्नात मला नुसता हिरवा रंग दिसला आणि मी सुखानं झोपलो. बाई, असल्या सुखांवर हसू नका. तिथे दुसरी नसतात.

पट्टी सुटली

आंबे बाजारात आले होते तेव्हा डॉक्टरांनी पट्टी सोडली. खिडक्या बंद केल्या होत्या. आधी उजवा डोळा. "काय दिसतं?" फिकट, दुधासारखं काहीतरी. त्यात आकार नव्हता. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. मी समजलो.

मग डावा. प्रथम नुसतं पाणी वाहिलं. पाण्यातून एक बोट, मग दोन बोटं. डॉक्टरांच्या शर्टाचं बटण. त्याला पडलेली चार भोकं. मी ते बटण पाहत राहिलो. डॉक्टर हसले आणि बाजूला झाले.

त्यांच्यामागे इंदू उभी होती. सावळी, रुंद कपाळाची, डाव्या गालावर देवीचे दोन पुसट व्रण. खालचा ओठ दातांत धरलेला. कित्येक दिवस मी हा चेहरा शोधला होता आणि तो मला अनोळखी होता. मी पाहत राहिलो. तिनं एकदाच वर पाहिलं, पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

माय तिच्याशेजारी उभी होती. ती एवढ्या दिवसांत म्हातारी झाली होती.

त्यानंतर

आम्ही अमरावतीला परतलो. मला मधोमध बारीक भोक असलेला काळा चष्मा दिला होता, म्हणजे डोळा इकडेतिकडे फिरू नये. भोकातून जेवढं दिसेल तेवढंच जग. पुढे फौजेच्या वैद्यकीय मंडळानं मला सेवेतून मोकळं केलं. कॉलेजनं बोलावून खेळांचं काम दिलं.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं एकदा मी बॅट घेऊन उभा राहिलो. बोलर माझा जुना दोस्त. चेंडू दिसत होता, अगदी स्वच्छ, शिवणीसकट. पण तो किती लांब आहे ते कळत नव्हतं. मी बॅट नेली तिथे चेंडू नव्हता. दुसऱ्यांदाही नव्हता. मग दोस्तानं धाव कमी केली. मग आणखी कमी केली. शेवटी लहान मुलाला टाकतात तसा त्यानं हातातून अलगद सोडला, आणि तो बॅटला लागला. मी बॅट काखेत धरली, त्याच्याजवळ गेलो, त्याचा हात हातात घेतला. तो मान वर करीना. त्यानंतर मी पॅड बांधले नाहीत.

अजून रोज संध्याकाळी मैदानावर जातो. पोरं खेळतात. चेंडू सुटला की माझे हात आपोआप वळतात, खिशात असले तरी. हे जायचं नाही. ते जावं असंही मला वाटत नाही.

पण मला खरं चुकल्यासारखं होत होतं ते दुसरंच. घरी आल्यापासून इंदू बोलेनाशी झाली. चहा ठेवायची, कपडे काढून द्यायची, मायला औषध द्यायची. मी पाहिलं की नजर जमिनीवर. हो, नाही, येतो, ठेवलं. ज्या बाईनं मला टांगेवाल्याच्या घोड्यापासून मॅट्रिकपर्यंत सगळं सांगितलं होतं, ती कुठे गेली मला समजेना. चेहऱ्यासाठी मी तळमळलो होतो. तो समोर होता, आणि आता मी त्या आवाजासाठी झुरत होतो. खोटं कशाला सांगू? कधीकधी मला अकोल्याची ती खाट आठवून गलबलून यायचं.

एका रविवारी दुपारी माय मंदिरात गेली होती. इंदू दारात गहू निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"इंदू, तू बोलत का नाहीस?"

"बोलतो ना."

"दवाखान्यात बोलायचीस तसं नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचला. मग म्हणाली, "तवा तुमाले दिसत नव्हतं."

"म्हणून काय?"

"आता तुमी पाहून राहिले. मंग मले वाटते, यायले माया गालावरचे वन दिसत असतीन. यायले वाटत असंन, हिचंच तोंड पाहासाठी जीव टाकून राहिलो होतो का आपन." तिनं हातातला खडा अंगणात टाकला. "पायगुनाचं माय बोलल्या तवा वाईट वाटलं, पन भेव नाई वाटलं. पट्टी सोडली तवा लय भेव वाटलं."

 ती पट्टीबाहेर उभी राहून माझ्याइतकीच घाबरली होती, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी म्हणालो, "मला त्या दिवशी सगळ्यात सुंदर दिसलं ते डॉक्टरांच्या शर्टाचं बटण."

ती दचकली. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"दुसरा नंबर तुझा," मी म्हणालो, आणि ती खळखळून हसली. ती हसताना कशी दिसते ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण हसून झाल्यावर मान पुन्हा खाली गेली.

मी भिंतीला टेकलो आणि डावा डोळा मिटून घेतला. उजव्यात ते नेहमीचं फिकट दूध होतं.

"हे घे. आता मला काही दिसत नाही," मी म्हणालो. "बोल."

सूप हलल्याचा आवाज आला. गहू इकडून तिकडे गेले. मी वाट पाहिली.

"काल बाजारात काय झालं, सांगू?" ती म्हणाली.

"सांग."